मला बोलताच येत नाही, मी शिकवणार काय?

बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे, फॉर्म सुटले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे दरवर्षी एक ठरलेली तक्रार येते. "मॅडम, बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलंय, मार्कही बरे आहेत, पण चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. मी पोरांना शिकवणार काय?" विचारणारी बहुतेक मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली. त्यातल्याच एकीची ही हकीकत. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला शीतल म्हणू.

शीतल टी.वाय.ला होती. इंग्रजीच्या सरांनी पाठवलं म्हणून आली, स्वतःहून नाही. सेमिनारमध्ये तिला इंग्रजी कवी कीट्सवर दहा मिनिटं बोलायचं होतं. सगळं पाठ करून गेली. तिसऱ्या वाक्याला एक शब्द निसटला, मागच्या बाकावर कुणीतरी हसलं (हिलाच हसलं की आणखी कशाला, देव जाणे) आणि पुढचं सगळं गेलं. तेव्हापासून ती त्या तासाला बसेना. कधी एसटी लवकर सुटते, कधी पोट दुखतंय. सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर आली तरी फॉर्म भरलेला नव्हता.

घरी निराळीच पंचाईत. गावात ती 'इंग्रजीवाली'. कुणी दवाखान्याचा रिपोर्ट घेऊन दारात, कुणी बँकेचं पत्र घेऊन. वडील कौतुकाने हाक मारायचे आणि ही मागच्या दाराने मळ्यात.

"नेमकी कसली भीती वाटते?" मी विचारलं.

"सगळ्याचीच."

असं उत्तर आलं की मी कागद-पेन पुढे सरकवते. तिने बराच वेळ घेऊन लिहिलं : सातवीचा वर्ग आहे. एक मुलगा उठतो, धड्यातल्या शब्दाचा अर्थ विचारतो. मला येत नाही. मुलं एकमेकांकडे बघतात. मुख्याध्यापक दारात उभे आहेत.

"मुख्याध्यापक दारात कशाला आले?"

ती पहिल्यांदा हसली. "ते असतातच, मॅडम."

अशा वेळी 'तुला सगळं येतं, आत्मविश्वास ठेव' म्हणून पाठ थोपटणं सोपं असतं. पण शीतलची निम्मी भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीला थोपटून काही होत नाही. तीन वर्षं तिने गाईडवर काढली होती. कीट्स १८२१ साली, वयाच्या २५व्या वर्षी, रोममध्ये क्षयाने गेला हे तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. त्याची एकही कविता गाईड बाजूला ठेवून वाचली नव्हती. फोनेटिक्सच्या पेपरात इंग्रजीच्या ४४ ध्वनींची चिन्हं ती बिनचूक काढायची. ते ध्वनी तोंडाने काढायची वेळ मात्र तिच्यावर कुणी आणलीच नव्हती.

यात तिचा एकटीचा दोष नाही. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा ते शिकवायचं काम ज्यांच्यावर आलं त्यातले कितीतरी गुरुजी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकलेले. शीतलच्या शाळेत बाई एक वाक्य वाचायच्या, मराठीत अर्थ सांगायच्या आणि मुलं तो ओळींच्या वर पेन्सिलीने लिहून घ्यायची. वर्गात कुणी सहज इंग्रजीत काही बोललंय, असं तिने कॉलेजात येईपर्यंत ऐकलंच नव्हतं.

उरलेली निम्मी भीती मात्र उसनी होती. ती स्वतःला मोजत होती मोबाईलवर फाडफाड बोलणाऱ्यांशी. शिकवायचं होतं सहावी-सातवीला. त्या वर्गात लागणारं इंग्रजी सावकाश, छोट्या वाक्यांचं आणि रोज तेच ते असतं. तिला म्हटलं, बाई वर्गात शिरल्यापासून तास संपेपर्यंत काय काय बोलतील, लिहून आण. 'ओपन युअर बुक्स', 'हू वाँट्स टू ट्राय?', 'से इट अगेन' अशी यादी झाली. दीड पान. "एवढंच?" एवढंच नाही, पण सुरुवात तिथून होते.

टाळलं की भीती वाढते, हे आमच्याकडचं जुनं ज्ञान. म्हणून आम्ही भीतीची शिडी करतो : सगळ्यात कमी धाकाची पायरी खाली, सेमिनार सगळ्यात वर. खालच्या पायरीवर मोबाईलवर स्वतःचा आवाज ऐकायचा होता. पहिलं रेकॉर्डिंग तिने लगेच पुसून टाकलं. दुसरं मला ऐकवलं. उच्चार ठीक होते, पण श्वास न घेता बोलत होती, लवकर संपावं म्हणून. मग पुढची पायरी, सहावीतला चुलत भाऊ आणि त्याचे दोन मित्र, रोज संध्याकाळी ओसरीवर.

मुख्याध्यापकांचा प्रसंग आम्ही माझ्या खोलीत करून पाहिला. मी विद्यार्थी झाले, पुस्तकातल्या एका अवघड शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. तिची नजर खाली, हात ओढणीच्या टोकाशी. त्या क्षणी म्हणायचं एक वाक्य ठरवलं : 'गुड क्वेश्चन. लेट्स लुक इट अप.' आणि टेबलावर कायम डिक्शनरी. पुढच्या आठवड्यात आली ती सांगतच आली, "भावाने खरंच शब्द अडवला. मी ते वाक्य म्हटलं, तर पोरं डिक्शनरीसाठी भांडायला लागली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही!"

मधेच एकदा वडील आले. "मॅडम, फाडफाड कधी बोलेल?"

"वर्षभर तरी गावाचे कागद तिच्यापुढे टाकू नका."

"मग गावानं कुणाकडं जावं?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. तरी पुढे त्यांनी तेवढं पाळलं.

इंग्रजी शिकवणं माझं काम नाही. ते सरांनी केलं : गाईड काढून घेतलं, रोज एक पान मोठ्याने वाचायला लावलं, शब्दात जोर कुठे द्यायचा ते दाखवलं. सेमिनारही पुन्हा ठेवला. हातात टिपणं घेऊन बोलली, एकदा अडखळली, टिपण बघितलं, पुढे गेली.

बरीचशी धास्ती माहिती नसल्याचीही असते. बी.एड.च्या सीईटीत बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता विचारतात. इंग्रजीची वेगळी चाचणी इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी. सहावी ते आठवीसाठीचा टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर १५० गुणांचा, पास व्हायला ६० टक्के, राखीव गटांना ५५. त्यात ६० गुणांना गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं, यातलं एक घ्यावं लागतं; भाषेचे विद्यार्थी बहुधा सामाजिक शास्त्रं घेतात. "म्हणजे मला इंग्रजीपेक्षा भूगोल नडणार?" शीतल म्हणाली. हो, तसंच. त्यापुढे शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे भरतीचं सरकारी संकेतस्थळ. भरती कधी निघेल हे मी कुणालाच सांगत नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्या क्लासची फी आधी विचारून घ्या.

तिने शेवटच्या दिवशी फॉर्म भरला. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनाने तिचं फार भलं केलं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एका वेळी एकच कौशल्य, आज प्रश्न विचारणं, उद्या फलकलेखन, आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले वर्गमित्र तेवढेच घाबरलेले. आमच्या शिडीची मधली पायरी आयती मिळाली.

सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे, शाळेत छात्रसेवाकाल, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, चालू आहे. पाठाच्या आदल्या रात्री पाठ टाचण दोनदा लिहून काढते, आणि इंग्रजीतून फोन आला तर अजूनही भावाच्या हातात देते. पाठाआधीची धाकधूक जुन्या शिक्षकांनाही असते, त्या धाकधुकीवर उपचार नको. नुसतं बोलणंच अडत असेल तर आधी आपल्या इंग्रजीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. पण तास बुडायला लागले, जेवण-झोप उडाली, फॉर्म भरायला हात उचलेना आणि हे दोन-तीन आठवडे चाललंय असं दिसलं, तर कॉलेजच्या समुपदेशकाला गाठा. कॉलेजात तशी सोय नसेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.