कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असल्यास अ‍ॅक्सेस पॉइंट त्याला कसे जोडावेत?

सिस्कोचा वायरलेस कंट्रोलर (अ‍ॅक्सेस पॉइंटचे नियंत्रण करणारे उपकरण) सर्व्हरच्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या आभासी विभागात, हलवल्यापासून कार्यालयातील नवे अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारी उपकरणे) त्याला सापडत नाहीत, असे आपण विचारले आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट कंट्रोलरचा शोध आधी ब्रॉडकास्टने (विभागातील सर्व उपकरणांना एकदम पाठवलेल्या संदेशाने) घेतो आणि राउटर तो ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही, त्यामुळे कंट्रोलरचा पत्ता त्याला डीएचसीपीच्या (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणाऱ्या सेवेच्या) पर्याय ४३ मधून कळवणे हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे मूल्य हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) लिहावे लागते: कंट्रोलरच्या मॅनेजमेंट इंटरफेसचा पत्ता १९२.१६८.१०.५ असेल, तर ते ‘एफ१ ०४ सी० ए८ ०ए ०५’ असे होते, ज्यात एफ१ हा प्रकार, ०४ ही बाइटमधील लांबी आणि उरलेला भाग म्हणजे तो पत्ता. हा पर्याय डीएचसीपीत अ‍ॅक्सेस पॉइंटच्या व्हीलॅनसाठी असलेल्या स्कोपमध्येच (पत्त्यांच्या संचातच) भरावा. घाईत तो कंट्रोलरच्या स्कोपमध्ये भरला जातो आणि मग तासन्‌तास शोधाशोध होते. मध्ये फायरवॉल असल्यास अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर ज्यांवरून संवाद साधतात ते यूडीपी ५२४६ आणि ५२४७ हे पोर्ट उघडावेत. कंट्रोलरचे घड्याळही कृपया तपासावे, कारण वेळ चुकीची असली की प्रमाणपत्रांची पडताळणी फसते आणि पत्ता बरोबर असूनही जोडणी नाकारली जाते.