बाबासाहेबांना शाळेत नेमका कोणता भेदभाव सोसावा लागला?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा’चं, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांचं, नाव लागलं. वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, तेही घरच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून नऊ वर्षांचं पोर ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तहान लागली तर शिपायानं नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. मला ते गोणपाट जास्त सलतं.

१९०७ मध्ये मॅट्रिक, १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठ. तिथल्या वर्गात त्यांच्यासाठी वेगळा कोपरा नव्हता. पण एवढं शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला जागा मिळेना. म्हणूनच त्यांनी पदवीवर समाधान न मानता लढा उभारला, १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायले.