वाचकांचे प्रश्न : स्टेप ईगल

स्थलांतरित शिकारी पक्ष्यांवरच्या लेखानंतर आलेली बरीच पत्रं एकाच गरुडाबद्दल आहेत. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

हिवाळ्यात माळावर तपकिरी गरुड बसलेला दिसतो. तो स्टेप ईगल की भारतात बाराही महिने राहणारा टॉनी ईगल, हे कसं ओळखायचं? रंगावरून काहीच कळत नाही.

मग रंगाचा नाद सोडाच. टॉनी सायीसारख्या फिक्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेत असतो, आणि उन्हानं विटलेली पिसं दोघांनाही सारखंच करून टाकतात. आधी जिवणी बघा. चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी जाड पिवळी रेघ स्टेपमध्ये डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचते; टॉनीत ती डोळ्याच्या मध्याखालीच संपते. तोंड उघडं असलं किंवा डोकं तिरकं असलं की टॉनीची जिवणीही लांब वाटते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. चोच मिटलेली आणि डोकं अगदी बाजूनं, असा फोटो मिळेपर्यंत निकाल देऊ नका. मग बुबुळ पाहा : प्रौढ टॉनीचं फिकट पिवळसर, स्टेपचं गडद. शंका मोठ्या ठिपकेदार गरुडाची असेल तर नाकपुडी बघा. त्याची गोल, स्टेपची लांबट.

पक्षी उडत असेल आणि लहान वयाचा असेल तर काम सोपं. पहिल्या वर्षाच्या स्टेपच्या पंखाखाली मधोमध, खांद्यापासून टोकाकडे जाणारा ठसठशीत पांढरा पट्टा असतो. तो झाकपिसांच्या, म्हणजे उड्डाणपिसांची मुळं झाकणाऱ्या लहान पिसांच्या, टोकांचा बनलेला असल्यानं पिसं झिजतील, गळतील तसा तुटक होत जातो. पुरता प्रौढ रंग यायला चारपाच वर्षं लागतात. तेव्हा पट्टा जातो, उड्डाणपिसांवर आडव्या रेघा दिसतात आणि पंखाच्या मागच्या कडेला रुंद काळी किनार येते. मधल्या वयाचा, अर्धवट पट्ट्याचा पक्षी सगळ्यांत त्रासदायक. त्याला ‘ॲक्विला (या गरुडांची प्रजाती), जात अनिश्चित’ असं नोंदवण्यात काहीच कमीपणा नाही.

एवढा मोठा गरुड मेलेल्या जनावरांवर आणि कचऱ्यावर का जगतो?

उन्हाळ्यात तो शिकारीच असतो. रशिया, कझाकस्तान आणि मंगोलियाच्या गवताळ मैदानांत सुस्लिक, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारी, हे त्याचं मुख्य खाणं. बऱ्याचदा तो बिळाच्या तोंडाशी जमिनीवर उभा राहतो आणि खार बाहेर येण्याची वाट बघतो. हिवाळ्यात सुस्लिक नसतात, मग जे आयतं मिळेल ते. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली जनावरं टाकतात, तिथे हे गरुड मोठ्या संख्येनं जमतात. आफ्रिकेत गेलेले पक्षी पावसामागोमाग फिरतात आणि पंख फुटून बाहेर पडणारी वाळवी टिपतात. दोन ते पाच किलोचा पक्षी वाळवीवर पोट भरतो हे विचित्र वाटतं खरं, पण वाळवी चरबीनं भरलेली असते आणि ती मिळवायला पळापळ करावी लागत नाही.

घरटं जमिनीवर करतो हे खरं का?

हो. झाडं नसलेल्या मैदानात दुसरा इलाज नाही. उंचवटा, खडक, गवताची गंजी, अलीकडे विजेचे मनोरेही. अंडी एक ते तीन, बहुधा दोन. उबवायला सुमारे दीड महिना. पिल्लं साधारण दोन महिन्यांनी उडतात. गवताला वणवा लागला तर जमिनीवरचं घरटं वाचत नाही.

हे पक्षी समुद्र टाळून लांबचा वळसा का घेतात?

पंख मारत इतकं अंतर काटणं या वजनाला परवडत नाही. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेत गोल फिरत उंची गाठायची, मग पंख ताणून पुढच्या झोतापर्यंत घसरत जायचं, हा त्याचा प्रवास. समुद्रावर असे झोत नीट उठत नाहीत. म्हणून शरदात अरबस्तानातून आफ्रिकेत शिरताना तो बाब-एल-मंदेबची अरुंद सामुद्रधुनी गाठतो. 1987 च्या शरदात तिथे 76 हजारांहून अधिक स्टेप ईगल मोजले गेले. परतताना मात्र बरेच पक्षी तांबड्या समुद्राला उत्तरेकडून वळसा घालून सुएझ आणि इस्राएलमधल्या एलातवरून जातात, म्हणजे वाट गोलाकार होते.

हिमालयातली चाल आणखी मजेशीर. शरदात नेपाळमध्ये थुलाखर्क इथे उभं राहिलं तर हे गरुड दक्षिणेकडे नाही, डोंगररांगेला धरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात. उतारांवर आपटून वर जाणारा वारा त्यांना आयता मिळतो.

रशियातल्या गरुडांनी मोबाइलचं बिल वाढवलं, ही बातमी खरी की गंमत?

खरी, 2019 ची. अभ्यासकांनी पाठीवर बसवलेलं ट्रान्समीटर ठिकाण एसएमएसनं कळवत होतं. मिन नावाची मादी कझाकस्तानात नेटवर्कबाहेर राहिली, संदेश साठत गेले, आणि ती इराणला पोचल्यावर सगळे रोमिंगच्या दरानं एकदम सुटले. पुढे फोन कंपनीनं बिल सोडून दिलं. ट्रान्समीटरचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवण्याची प्रथा आहे. तीन किलोच्या गरुडासाठी 90 ग्रॅम.

2015 पासून ही जात ‘संकटग्रस्त’ यादीत आहे. नेमकं काय चुकतंय?

सगळ्यांत मोठा घात विजेच्या मध्यम दाबाच्या तारांचा. मैदानात बसायला उंच जागा म्हणजे खांबच. खांबाचा आडवा लोखंडी दांडा जमिनीला जोडलेला असतो आणि त्यावर उभ्या इन्सुलेटरच्या डोक्यावरून तार जाते. दांड्यावर बसलेल्या पक्ष्याचा पंख तारेला लागला की प्रवाह त्याच्या अंगातून जमिनीत उतरतो. पिसं ओली असली तर धोका जास्त. पक्षी जिथे बसतो ती जागा आणि तार यांत किमान 60 सेंटीमीटर, आणि दोन तारांत 140 सेंटीमीटर अंतर हवं. जुन्या लाइनवर ते शक्य नसेल तर इन्सुलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंची तार प्लॅस्टिकच्या आवरणानं झाकतात. अर्धवट आवरण बसवलं की उघड्या राहिलेल्या तेवढ्या भागावरच पक्षी मरतात.

दुसरं, डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक; मेलेल्या जनावराच्या मांसातून ते पक्ष्याच्या पोटात जातं. भारतात जनावरांसाठी 2006 साली त्यावर बंदी आली ती गिधाडांमुळे. पण राजस्थानात मेलेल्या स्टेप ईगलांच्या शरीरातही हे औषध सापडलं, आणि गिधाडांसारखाच यकृत-हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा थर. मूत्रपिंडं निकामी झाल्याची ती खूण. एसिक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकच बनतं. ते आणि किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक भारतात जनावरांसाठी 2023 मध्ये बंद झाले. दुखऱ्या जनावरासाठी पशुवैद्याकडे मेलॉक्सिकॅम मागा.

खांबाखाली मेलेला गरुड दिसला तर जवळ जाण्याआधी तार तुटून खाली आली आहे का ते बघा. मग पायांचे आणि पंखांच्या मनगटाचे जवळून फोटो घ्या, कारण भाजल्याचा डाग बहुधा तिथेच असतो. खांबावरचा क्रमांक टिपून घ्या. पायात कडं असेल तर त्यावरची अक्षरं-आकडे सगळ्या बाजूंनी टिपा आणि हे सगळं वनविभागाला कळवा.