1562 च्या इंग्रजी पद्य-स्तोत्रसंहितेत (बायबलमधल्या स्तोत्रांच्या पद्यरूप पुस्तकात) बऱ्याच स्तोत्रांवर स्वरलिपी का नाही?

कारण त्यांना वेगळी चाल लागतच नव्हती. स्वरलिपीऐवजी ‘अमुक स्तोत्राप्रमाणे गा’ एवढीच सूचना छापली आहे. आपल्या जुन्या नाट्यपदांवर ‘चाल : …’ असायची, तसंच. लंडनचा मुद्रक जॉन डे याने छापलेल्या या पुस्तकात स्टर्नहोल्ड, हॉपकिन्स वगैरे पद्यकारांची बहुतेक स्तोत्रं 8-6-8-6 अक्षरांच्या ओळींत आहेत. माप एकच, म्हणून एका चालीवर डझनभर स्तोत्रं सहज बसतात. कागद वाचतो, आणि घरी गाणाऱ्यांना (मुखपृष्ठावर खासगी वापराचा उल्लेख आहे) मोजक्याच चाली पाठ कराव्या लागतात. मात्र सगळंच या मापात नाही: ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही प्रसिद्ध चाल 8-8-8-8 ची, तिच्यावर ही स्तोत्रं ओढूनताणूनही बसणार नाहीत.