नेता चांगला, की व्यवस्था?

प्रश्न : नेता चांगला मिळाला की सरकार आपोआप नीट चालतं का?

उत्तर : नाही. तीस वर्षं सरकारी फायली हाताळून सांगतो. माझे एक साहेब विरोधी शेरा असलेली फाईल आधी उघडायचे. शेरा लिहिणाऱ्या कारकुनाला समोर बसवून विचारायचे, “कुठं अडतंय?” फार मोठा माणूस! पण त्यांची बदली झाली आणि तसले शेरे कुणी वाचेनासं झालं. म्हणून चांगली सवय नियमात उतरायला हवी, अमेरिकेत उतरली तशी. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९७ मध्ये दोन कार्यकाळांनंतर स्वतःहून पायउतार झाले. तो संकेत १९४० पर्यंत टिकला. मग फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा, पुढे चौथ्यांदाही निवडून आले आणि १९५१ मध्ये दोनदाच निवडून येण्याची मर्यादा अमेरिकी राज्यघटनेत लिहिली गेली.