ओटीपी कोणाकडे अडलाय? : ऑफिसच्या साधनांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापुरात आमचं सीए ऑफिस आहे. आम्ही नऊ जण, त्यांतले चार आर्टिकल (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारे). जीएसटीचे १२० क्लायंट. व्हॉट्सॲपवर सात ग्रुप आहेत, तरी दर महिन्याच्या २० तारखेला कोणाचं रिटर्न कुठे अडलंय हे टेबलाटेबलापाशी जाऊन विचारावं लागतं. कामं सांभाळणारं एखादं चांगलं ॲप सुचवाल का?

उत्तर : तुमच्याकडे बोलायची सोय भरपूर आहे, नोंद ठेवायची नाही. ‘खरेदीची बिलं आली का?’ असं ग्रुपवर विचारलं, ‘हो’ असं उत्तर आलं आणि त्यावर पन्नास मेसेज साचले, की ते ‘हो’ शोधणं अवघड. मेसेज पिन करता येतो, पण एका ग्रुपवर तीनच आणि फार तर ३० दिवस. १२० क्लायंटना ते कुठे पुरणार?

तूर्त पैसे खर्चू नका. एक गूगल शीट करा. एका ओळीत एका क्लायंटचं एकच रिटर्न : जीएसटीआर-१ची (विक्रीचा तपशील) ओळ वेगळी, जीएसटीआर-३बीची (गोषवारा आणि करभरणा) वेगळी. सगळे मासिक धरले तर २४० ओळी होतील. रकाने सातच : क्लायंट, रिटर्न, मुदत, आत्ता कोणाकडे, स्थिती, कशावाचून अडलंय, एआरएन (रिटर्न भरल्यावर पोर्टलवरून मिळणारा पावती क्रमांक). मुदत प्रत्येक ओळीत लिहाच. मासिकवाल्यांची जीएसटीआर-१ ११ला आणि ३बी २०ला असते, पण क्यूआरएमपीवाल्यांची (रिटर्न तिमाही, कर दरमहा) तिमाही ३बी महाराष्ट्रात २२ला. ‘सगळ्यांची वीस’ असं धरून चाललात तर २२चं काम आधी उरकतं आणि २०चं मागे राहतं.

‘आत्ता कोणाकडे’ या रकान्यात एकच नाव हवं. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहतात. कागद क्लायंटकडून यायचे असले तरी नाव ऑफिसातल्याच माणसाचं, कारण तगादा त्यानंच लावायचा आहे.

स्थिती हातानं लिहू देऊ नका, ड्रॉपडाऊन लावा : ‘कागद यायचेत’, ‘एन्ट्री चालू’, ‘तपासायला’, ‘ओटीपी किंवा डीएससी (डिजिटल सही) बाकी’, ‘भरलं’. हातानं लिहिलं की कोणी ‘भरले’ लिहितं, कोणी ‘फाईल झालं’, आणि फिल्टरमधून निम्म्या ओळी निसटतात. चौथी पायरी मुद्दाम वेगळी ठेवली आहे. रिटर्न तयार असतं, पण ईव्हीसीचा (सहीऐवजी कोडनं पडताळणी) ओटीपी जातो सही करणाऱ्याच्या मोबाइलवर आणि ई-मेलवर, आणि तो मालक नेमका कुणाच्या तरी लग्नात असतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससीच लागते. मग त्या सहीचा यूएसबी टोकन कोणाच्या खणात आहे याची शोधाशोध. १७ तारखेपासून रोज सकाळी ११ वाजता एवढ्याच ओळी गाळून काढा आणि फोन लावा. २०च्या संध्याकाळी पोर्टल कसं रांगतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

एआरएन लिहिल्याशिवाय ‘भरलं’ धरायचं नाही. मुदतीला तीन दिवस उरले आणि अजून ‘भरलं’ नाही, तर ओळ लाल व्हावी, हे कंडिशनल फॉरमॅटिंगनं होतं. क्लायंट आणि मुदत हे रकाने प्रोटेक्ट करा, नाहीतर घाईत सॉर्ट करताना कोणीतरी एकच रकाना सरकवतं आणि एकाचा एआरएन दुसऱ्याच्या नावापुढे जातो. तसं झालंच तर व्हर्जन हिस्टरीतून मागची प्रत परत आणता येते.

नेहमीची एक तक्रार : ‘माझ्या ओळी गायब झाल्या.’ त्या गायब झालेल्या नसतात. दुसऱ्या कोणीतरी साधा फिल्टर लावलेला असतो आणि तो सगळ्यांनाच लागतो. प्रत्येकानं स्वतःच्या नावाचा फिल्टर व्ह्यू (तो फक्त उघडणाऱ्यालाच लागतो) करून त्यातच काम करावं.

ट्रेलोसारखा कार्डांचा फळा दिसायला छान, पण २४० कार्डं एका फळ्यावर आली की रांगा खाली सरकवण्यातच दिवस जातो. ऑडिटची पाच-सात मोठी कामं चालू असतील, तर तिथे तो जरूर वापरा.

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे, म्हणजे तुमच्याकडची माणसं सतत बदलणार. क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट आर्टिकलच्या खासगी नंबरवर येत असतील, तर ती त्याच्याबरोबर बाहेर जातात. ग्रुपमधून काढलं तरी आधी आलेले मेसेज आणि फाइली त्याच्या फोनवर राहतातच. ऑफिसचा वेगळा नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, फोन ऑफिसातच ठेवा. त्याला आणखी चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर ती सुटतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर आधी तो उघडा. कागद फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा; फोटोत बिलावरचे बारीक आकडे फुटतात. आलेली फाइल त्याच दिवशी ड्राइव्हवर हलवा, आणि ते ड्राइव्ह खातं ऑफिसचं असू द्या. आर्टिकलच्या जीमेलवरून बनवलेली शीट त्याच्याच मालकीची असते. त्यानं खातं बंद केलं की तीही जाते.

प्रश्न : पुण्यात आमची १२ जणांची डिझाइन टीम आहे, एक सहकारी जर्मनीत. मेसेजसाठी स्लॅक हे ॲप फुकट वापरतो, पण जुने निर्णय सापडत नाहीत. पैसे भरावेत की मायक्रोसॉफ्टच्या टीम्सवर जावं?

उत्तर : फुकटच्या स्लॅकमध्ये शेवटच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात, आणि वर्षाहून जुने तर पुसलेच जातात. हवं ते आजच उतरवून घ्या.

पुढचं ठरवताना आधी तुमचा ई-मेल कोणाकडे आहे ते पाहा. गूगल वर्कस्पेसचे पैसे भरत असाल, तर चॅट आणि मीट त्यातच आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर टीम्स, पण आता टीम्स वगळूनही प्लॅन विकले जातात, तेव्हा तुमचा कोणता हे बिलावर बघून घ्या. एकाच कामासाठी दोन ठिकाणी पैसे भरायचं कारण नाही. नवं साधन दोन आठवडे, एकाच चालू प्रोजेक्टवर वापरून बघा. त्या काळात जुना चॅनेल खरोखर बंद ठेवा, नाहीतर सगळे सवयीनं तिकडेच लिहितात.

पैसे भरून शोध सुधारेल, निर्णय मात्र आपोआप वर येणार नाहीत. प्रत्येक प्रोजेक्टला एक डॉक्युमेंट असू द्या : तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, चर्चेची लिंक. चार रकाने.

जर्मनीचं म्हणाल, तर फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. घड्याळं तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. कॅलेंडरवर दुपारी २ची मीटिंग भारतीय वेळेनं ठेवलीत, तर तिकडे ती साडेदहाची एकदम साडेनऊची होते. त्या दोन आठवड्यांत आदल्या दिवशी सांगा.

प्रश्न : झूमची मीटिंग ४० मिनिटांनी तुटते. काय करावं?

उत्तर : गूगल मीटवर फुकटात ६० मिनिटं मिळतात. पण आठवड्याची बैठक ४० मिनिटांत आटपत नसेल, तर निम्मा वेळ ‘तुझं काय झालं?’ यात जात असणार. ते वर सांगितलेल्या शीटमध्ये लिहून या, आणि झूम राहू द्या.