जेली घट्ट का होत नाही? : रानफळांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रानात फिरून चार किलो करवंदे गोळा केली. एकही कच्चे फळ येऊ नये म्हणून काळीभोर, पिकलेलीच निवडून घेतली. साखर सढळ हाताने घातली, तासभर उकळले. तरी जेली न होता काकवीसारखा चिकट पाक तयार झाला. चूक कोठे झाली?

उत्तर : अर्धी चूक निवडण्यात झाली आणि अर्धी उकळण्यात. जेली धरते ती फळातल्या पेक्टिनमुळे. फळ कच्चे असताना पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा हा पदार्थ पाण्यात सहज विरघळत नाही. फळ पिकू लागले की तो विरघळण्याजोगा होतो, आणि फळ पुरते पिकून मऊ पडले की फळातलीच विकरे (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकतात. म्हणजे तोंडात टाकायला जे करवंद सर्वांत गोड, तेच जेलीला सर्वांत कमी उपयोगाचे. म्हणून तीन वाटे पिकलेली फळे घेतली, तर एक वाटा नुकता रंग धरू लागलेली, बोटाने दाबून न दबणारी फळे घ्यावीत. पिकलेल्या फळांतून स्वाद येतो. टणक फळे पेक्टिन देतात आणि सोबत आंबटपणाही देतात.

हा आंबटपणा केवळ चवीसाठी नसतो. पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर सारख्याच जातीचा विद्युतभार असल्यामुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात. रस पुरेसा आम्ल असला, म्हणजे त्याचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ३च्या आसपास असला, की हा भार कमी होतो. साखर त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते, आणि मग त्या एकमेकींत गुंतून जाळे तयार होते. पेक्टिन, आम्ल आणि साखर यांपैकी एक जरी कमी पडले, तरी उरलेली दोन कितीही वाढवून उपयोग होत नाही. तुम्ही साखर वाढवलीत; कमी होते पेक्टिन.

तासभर उकळण्याने आणखी नुकसान झाले, कारण आम्ल रसात फार वेळ उष्णता मिळाली की शिल्लक पेक्टिनही तुटते. म्हणून रस एका वेळी लिटरभरच घ्यावा, भांडे पसरट असावे आणि साखर विरघळल्यावर आच मोठी ठेवावी, म्हणजे पाणी लवकर उडून जाते. भांडे स्टीलचे असावे. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाशी आंबट रसाची प्रक्रिया होऊन रंग आणि चव दोन्ही बिघडतात. रस काढताना फळे जेमतेम बुडतील इतक्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून रात्रभर फडक्यात टांगून ठेवावीत. फडके पिळले तर जेली गढूळ होते असे सांगतात आणि ते खरेच आहे. पण घरी खायच्या जेलीसाठी मी स्वतः पिळते, कारण गढूळपणापेक्षा वाया गेलेला रस मला अधिक खुपतो.

साखर घालण्यापूर्वी पेक्टिन तपासता येते. एक चमचा थंड केलेल्या रसात तीन चमचे स्पिरिट घालून हलकेच फिरवावे व मिनिटभर थांबावे. काट्याने उचलता येईल असा एकच गोळा झाला, तर वाटीभर रसाला वाटीभर साखर चालते. बारीक बारीक गुठळ्या झाल्या, तर साखर पाऊण वाटीच घ्यावी आणि थोडा लिंबाचा रस घालावा. काहीच झाले नाही, तर आणखी टणक फळे शिजवून त्यांचा रस मिसळावा. तपासलेला रस लगेच टाकून द्यावा, तो चाखूही नये.

उतरवण्याची वेळ घड्याळावर ठरवू नये. समुद्रसपाटीला जेली सुमारे १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला तयार होते, परंतु दर ३०० मीटर उंचीमागे पाणी सुमारे एक अंश आधी उकळते. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने उकळत्या पाण्याचे तापमान पाहावे आणि त्याहून साधारण साडेचार अंश वर गेल्यावर आच बंद करावी. थर्मामीटर नसेल, तर बर्फाच्या कप्प्यात ठेवलेल्या ताटलीवर एक थेंब टाकावा, मिनिटभर थांबावे आणि बोटाने कडेने ढकलावे. दुधाच्या सायीसारखी सुरकुती पडली की झाले. ही परीक्षा चालू असताना पातेले आचेवरून खाली घ्यावे. सुरकुतीची वाट पाहत बसले आणि तेवढ्यात पातेल्यातला रस करपला, हे माझ्या हातून एकदा नव्हे, दोनदा घडले आहे.

तुमचा पाक अजून वाचू शकेल. त्यात टणक करवंदांचा ताजा रस व थोडे लिंबू घालून पुन्हा भराभर उकळा. भरलेल्या बाटल्या एक दिवस अजिबात हलवू नका. पुष्कळदा जेली दुसऱ्या दिवशी धरते.

प्रश्न : चीक निघणारे फळ विषारी आणि पक्षी खातात ते फळ निर्धोक, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. हे नियम भरवशाचे आहेत काय?

उत्तर : नाहीत, आणि दुसरा नियम पहिल्याहून अधिक घातक आहे. चिकाचा नियम पाळायचा, तर करवंद आणि अंजीर दोन्ही सोडावी लागतील. गंमत अशी की करवंद ज्या कुळातले, त्याच कुळात कण्हेरही आहे, आणि कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. त्यामुळे कुळ ओळखले म्हणूनही फळ ओळखले असे होत नाही. पक्ष्यांविषयी सांगायचे, तर ते बहुधा गर पचवतात आणि बी तशीच बाहेर टाकतात, शिवाय त्यांचे शरीर आपल्यासारखे नसते. गुंजेची लाल-काळी बी दिसायला सुंदर असली, तरी चावून खाल्ली तर प्राणघातक ठरू शकते. कामोणीची हिरवी, कच्ची फळेही विषारी असतात.

फळ एकट्या फळावरून ओळखू नये. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, काटा कसा आहे, फूल कसे होते, आत बिया किती आहेत, हे सारे जुळले पाहिजे. फुलोऱ्यापासून ज्या झाडावर आपली नजर आहे, त्याच झाडाची फळे काढावीत, आणि पहिल्या वर्षी जाणकार माणूस सोबत असावा. थोडे चाखून पाहू, ही परीक्षा करूच नये. फवारणी होणाऱ्या शेताचा बांध आणि वाहतुकीच्या रस्त्याची कडही टाळावी.

प्रश्न : जॅमवर आलेली बुरशी काढून खालचा भाग खाल्ला तर चालेल काय?

उत्तर : नाही, सगळा टाकून द्यावा. दिसतो तो बुरशीचा वरचा भाग. तिचे तंतू खोल गेलेले असू शकतात आणि काही बुरश्यांचे विष डोळ्यांना दिसत नाही. बुरशी आली, याचा अर्थ साखर कमी होती किंवा बाटली नीट बंद झाली नव्हती. बाटल्या दहा मिनिटे उकळून घ्याव्यात, जॅम गरम असतानाच वर जेमतेम पाव इंच जागा ठेवून भरावा, आणि झाकण लावून पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा दहा मिनिटे उकळावे. गोडी कमी हवी असेल, तर कमी साखरेचा जॅम खुशाल करा, मात्र तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवा.

एक गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे. बॉट्युलिझम या अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत, ४.६हून कमी पीएच असला तरच ते वाढू शकत नाहीत. बहुतेक रानफळे त्याहून पुष्कळ आंबट असतात. परंतु अंजीर या सीमेवर असते, म्हणून ते बाटलीत भरताना लिंबाचा रस घालावा.

प्रश्न : जांभळाचे सरबत बाटलीत भरून कपाटात ठेवले होते. पंधरा दिवसांनी बाटली फुटली. असे का झाले?

उत्तर : फळांच्या सालीवर यीस्ट असतेच. त्याला साखर आणि ऊब मिळाली, रस आंबला, आणि तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट राहिली नाही. अशी बाटली फुगलेली दिसली, तर चेहऱ्याजवळ धरून उघडू नये. साखरेचे प्रमाण एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत नेले, तर यीस्टची वाढ बहुतांशी थांबते. पण मग ते सरबत राहत नाही, पाक होतो. परिरक्षक वापरायचा झाल्यास पोटॅशियम मेटाबायसल्फाइट जांभळासारख्या गडद रसात घालू नये, कारण त्याने रंग फिका पडतो. अशा रसांसाठी सोडियम बेंझोएट वापरतात. सल्फाइटने दम्याच्या काही रुग्णांना त्रासही होतो.

माझे मत विचाराल, तर रस उणे १८ अंशांवर गोठवून ठेवावा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून बाटली काठोकाठ भरू नये. काचेची बाटली तर टाळावीच. गोठवल्याने यीस्ट मरत नाही, त्याचे काम तेवढे थांबते. त्यामुळे बाहेर काढलेला रस फ्रिजमध्येच वितळू द्यावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा.